अनारशावरची खसखस

लेक दिल्लीला परीक्षेला निघाली तेव्हा मी तिच्यासोबत अनारसे बांधून दिले. त्या अनारशांनी मला नऊ दिवस जे भेव दाखवलं, तसं भेव मी आयुष्यात दोनदाच खाल्लं. पहिल्या वेळेचंही सांगतो, कारण दोन्ही वेळा भेव एका बाटलीचंच होतं.

मी चौथी शिकलेला माणूस. बोरी अरबला बाजाराच्या रस्त्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे, मागे दोन खोल्या, तिथंच राहणं. लेक एकुलती एक, तीही लग्नानंतर बारा वर्षांनी झालेली. यवतमाळला राहून फिजिक्स घेऊन शिकली. मग तिनं विमानवाल्या नोकरीचा फॉर्म भरला. विमान चालवायची नव्हे. विमानतळावरच्या उंच मनोऱ्यात बसून पायलटला सांगायचं, आता ये, आता थांब, एवढ्या उंचीवर राहा. मला समजेना म्हणून तिनं बाकावर नट खोलायचे दोन पाने ठेवले आणि एकमेकांकडे सरकवत आणले. म्हणाली, "बाबा, हे दोघं एकमेकांले दिसत नाही समजा. त्याईच्या मधात मी." मी पाने उचलून पेटीत टाकले. मला ते बघवलं नाही.

मी तिला साफ सांगितलं होतं, हे काम नको. इथं पंक्चर काढताना माझी चूक झाली तर गिऱ्हाईक परत येऊन शिव्या देतं. तिथं तिची चूक झाली तर परत यायला कोणी उरणार नाही. शाळेत मास्तरीण हो, दारव्ह्याला हो, रोज घरी ये. तिची आई मात्र तिच्या बाजूची. ती म्हणायची, "पोरीच्या आवाजात धाक आहे. तुमी सुद्धा तिचं ऐकता."

मग तिची आई आजारी पडली. यवतमाळच्या दवाखान्यात त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला एका छोट्या बाटलीत घातला, तिच्यावर नावाची चिठ्ठी चिकटवली, आणि रिपोर्ट चार दिवसांनी येईल म्हणाले. चार दिवस मी दुकानात बसून एकाच ट्यूबला तीन-तीन ठिगळं लावली. रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो वाचला आणि मला खुर्चीवर बसा म्हणाले. तेव्हापासून कोणी मला बसा म्हटलं की मी उभाच राहतो. पुढं दोन महिन्यांत ती गेली.

दिवाळीच्या आधी, हातपाय चालत होते तोवर, तिनं अनारशाचं पीठ करून ठेवलं होतं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचे, कांडायचे, गूळ घालून मळायचं. त्याचा गोळा स्टीलच्या डब्यात दाबून ठेवला की महिनोन्‌महिने राहतो. ती दिवाळी आमच्या घरी झालीच नाही. डबा फळीवर तसाच राहिला. ती गेल्यावर मी एकदा झाकण उघडलं, तर पिठावर तिच्या चार बोटांचे वळ होते. मी झाकण लावलं.

नागपूरची कंप्युटरवरची परीक्षा लेक पास झाली आणि दिल्लीचं बोलावणं आलं. तिथं कागदपत्रं तपासणार होते, इंग्रजी वाचून घेऊन आवाज स्वच्छ आहे का बघणार होते, डोकं शांत राहतं का बघणार होते, आणि लघवी घेऊन नशापाणी करतो का ते तपासणार होते. नशेत सापडला तो तिथल्या तिथं बाद. हे ऐकून आम्ही दोघं हसलो. आमच्या घरात कोणी सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही.

भेव आवाजाचं होतं. त्यासाठी ती रोज सकाळी दुकानात उभी राहायची. मी हवेचा कंप्रेसर चालू करायचा, ती त्याच्या धडधडीत इंग्रजी वाचायची, आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभा राहून शब्द सुटे सुटे ऐकू येतात का ते सांगायचं. मला एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता. पण कोणता शब्द दुसऱ्यात घुसला ते कळायचं. मी हात वर केला की ती तो परत म्हणायची. बाजारातले लोक म्हणत, बुढा पोरीले टरॅफिक पोलीस बनवून राह्यला.

निघायच्या आदल्या दिवशी मी डबा खाली काढला. आईच्या हातचं काहीतरी तिच्यासोबत जावं असं वाटलं. मी अनारसे कधी केले नव्हते, फक्त पाहिले होते. पहिले दोन तुपात पडल्या पडल्या हसले, म्हणजे फुटून पसरले. पीठ हाताला चिकटत होतं. म्हणून मी खसखस वाढवली. तिची आई एका बाजूला लावायची, चिमटीनं. मी दोन्ही बाजूंनी थापली, मूठभर. मग जमले. बारा झाले. दहा लेकीला बांधले, दोन ठेवले. अर्धं पीठ डब्यात उरलं होतं.

ती सकाळच्या एसटीनं नागपूरला गेली, दुपारी तिथून गाडीत बसली. संध्याकाळच्या सुमाराला आमच्या शेजारच्या नर्सबाई स्कुटीचं चाक घेऊन आल्या. मी चाक खोलता खोलता लेकीचं सांगत बसलो, छाती फुगवूनच, आणि त्यांच्या हातात एक अनारसा ठेवला. सगळ्या परीक्षा एकेक करून सांगितल्या. नशेच्या तपासणीपाशी आलो तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी अनारसा उलटा करून पाहिला.

"काका, हे असेच बांधून देले का तिले?"

मी हो म्हणालो. दहा दिले म्हणालो.

"खसखस अफूच्या बोंडातली असते. कधी कधी तपासणीत येते म्हणतात."

मी विचारलं, किती खाल्ली तर येते, किती दिवस राहते. त्या म्हणाल्या, पक्कं मला माहीत नाही, पण आता तिला खाऊ देऊ नका, आणि तिथं आधीच लिहून द्यायला सांगा, लपवू नका.

इथं एक गोष्ट लिहितो, ती मी लेकीला अजून सांगितलेली नाही. बाईंनी अफू म्हटलं त्या क्षणी माझ्या मनात आलं, बाद झाली तर घरी राहील. बरं वाटलं मला. एवढंसंच, डोळा लवेल तेवढा वेळ. पण वाटलं. आणि मग भेव भरलं. कारण नको म्हणणारा मी, अनारसे करणारा मी, खसखस मूठभर टाकणारा मी. ती बाद झाली असती तर बाप मुद्दाम वागला असं तिनं म्हटलं नसतं. पण मला स्वतःला खात्री देता आली नसती.

फोन लावला. लागेना. गाडी जंगलातून जात असावी. मी पाचदा, सहादा लावला. मधल्या वेळात आत गेलो. फळीवर तो डबा दिसला. मला दुसरं काही सुचलं नाही. सगळं पीठ उलथण्यानं खरवडून काढलं, राहिलेला एक अनारसा त्यावर कुस्करला, आणि समोरच्या गाईपुढं टाकलं. घरात ते काहीच नको असं झालं होतं. जसं पोलीस येणार होते.

फोन लागला तेव्हा मी पहिलं विचारलं, किती खाल्ले.

"सकाळी दोन, आत्ता तीन. काहून? चांगले झाले बाबा. थोडे कडक आहेत."

मी सांगितलं. गाडीचा आवाज येत होता. मला वाटलं आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती कंप्रेसरपुढं वाचायची त्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ठीक आहे. मी बाकीचे खात नाही. उद्या लिहून देतो. तुमी जेवून घ्या."

मी जेवलो नाही.

तिथं काय झालं ते तिनं आल्यावर सांगितलं. फॉर्मवर, तुम्ही कोणतं औषध घेता, अशा जागी तिनं खसखशीचे पाच अनारसे असं लिहिलं. टेबलावरच्या माणसानं हे काय असतं विचारलं. तिनं हिंदीत समजावलं, त्याला काही पटलं नाही. तेव्हा तिच्या मागची बिहारची पोरगी म्हणाली, हमारे यहाँ भी बनता है. आणि म्हणता म्हणता तिचाच चेहरा पडला, कारण तिच्याही बॅगेत घरचा डबा होता. तिनंही फॉर्म परत मागून घेतला. तो माणूस म्हणाला, लिहिलं ते ठीक, पण बाटलीत जे निघेल तेच धरलं जाईल. बाटलीवर नावाची चिठ्ठी लावली.

बाटली आणि चिठ्ठी ऐकलं आणि मी दारातच बसलो. आवाजाची परीक्षा चांगली गेली म्हणाली. बाकीचीही चांगली गेली. हे सगळं मला लांबून ऐकू येत होतं.

यादी यायला आणखी पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत आम्ही दोघं खसखस हा शब्द तोंडातून काढला नाही. ती वरण-भात करायची, मी जेवायचो, ती भांडी घासायची. ती माझ्याकडे बघायची नाही असं मला वाटे, आणि बघितलं तर का बघते असं वाटे. तिचा फोन वाजला की माझ्या हातातली ट्यूबला लावायची टिकली उलटी बसायची. एकदा तिनंच विचारलं, "बाबा, तुमाले बरं नाही का?" मी म्हणालो, ऊन लागलं.

नवव्या दिवशी सकाळी ती फोन घेऊन दुकानात आली. मी टायरखाली हात घालून होतो. ती म्हणाली, "बाबा, बसा."

मी बसलो नाही. मी म्हणालो, उभ्यानंच सांग.

"नाव आहे. तपासणीत काही निघालं नाही. आता फक्त डॉक्टरची राह्यली, डोळे-कान."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात ग्रीसचा होता, केसांना लागला. तिनं ओढणीनं डोळे पुसले आणि सरळ आत गेली. आतून आवाज आला, "आज मी करतो अनारसे. आईचं पीठ कुठी ठेवलं?"

मी बाहेरच उभा राहिलो. ती डबा घेऊन दारात आली. डबा हलका होता, तिला हातात घेताच कळलं असेल.

"गाईले टाकलं," मी म्हणालो. "त्या दिवशी. भेव वाटलं."

"खसखस वरून लावतेत, बाबा. पिठात काय होतं?"

तांदूळ आणि गूळ. मला माहीत होतं. तिची आई तीन दिवस पाणी बदलताना मी रोज पाहिलं होतं. तरी टाकलं. तिच्या बोटांच्या वळांसकट टाकलं, आणि टाकताना एकदाही आठवलं नाही.

लेकीनं झाकण उघडून डब्यात नाक घातलं. मग झाकण घट्ट लावलं आणि डबा होता तिथं फळीवर ठेवला. बाहेर येऊन म्हणाली, केसाले ग्रीस लागलं, साबण कुठी आहे. एवढंच.

डोळे-कान पास झाले. आता ती दूर ट्रेनिंगला आहे. ती तपासणी तिथं केव्हाही परत होऊ शकते म्हणते, म्हणून मी तिच्याकडे खायचं काही पाठवत नाही. आमच्यावरून क्वचित विमान जातं, फार उंचावरून. ते दिसेनासं होईपर्यंत मी कंप्रेसर बंद ठेवतो. गिऱ्हाईक कुरकुर करतं. डबा मी अजून धुतलेला नाही. झाकणही उघडलेलं नाही. उघडलं आणि गुळाचा वास गेलेला असला तर काय करू, याचं भेव वाटतं.