नेपानगर गप्प

कमल आमच्या पतसंस्थेत राउटर सांभाळायची, म्हणजे शाखांचे संगणक एकमेकांना जोडणारे डबे. तिची सासू भागाबाई गल्लीभर सांगत फिरे, "सून माझ्याशी बोलत नाही, डब्यांशी बोलते." दोन्ही खरं होतं.

दोन पतसंस्थांची एक झाली त्या वर्षीची ही गोष्ट. बुऱ्हाणपूर, बहादरपूर, नेपानगर, तिन्ही शाखा एका जाळ्यात आणायच्या होत्या. कमलनं अध्यक्ष देवरामआप्पांना पटवलेलं, की राउटरला रस्ते आपण शिकवायचे नाहीत. ओट्यावरच्या बायांसारखा तो शेजाऱ्याला सांगतो, शेजारी पुढच्याला. एक वाट तुटली की तो आपला आपण दुसरी धरतो. फक्त खुणेचा शब्द जुळला पाहिजे, नाहीतर तोंड उघडत नाही. आमच्या गल्लीत ही अटही नाही.

आप्पांनी बजावलं, "दुपारपर्यंत नेपानगर जुळलं नाही तर इंदूरची कंपनी बोलावतो. मग तुझं इथं काम ऱ्हायलं नाही, बाई."

आमच्या बुऱ्हाणपूरशी बहादरपूर लगेच बोलू लागलं. नेपानगर गप्प. तार जिवंत, दिवे हिरवे, पण शेजार जुळेना. तिथल्या रमेशला कमलनं फोनवर एकेक आकडा पुन्हा विचारला.

"खुणेला आपल्या नदीचंच नाव टाकलं ना?"

"तेच. छोट्या अक्षरांत, सांगितलं तसं."

दुपार कलायला आली. आप्पा इंदूरचा नंबर काढून बसले. कमलच्या कपाळावरचा घाम कीबोर्डवर ठिबकत होता, पुसायलाही ती हात उचलेना.

मला शांतता सोसत नाही. फोनकडे वाकून म्हटलं, "काय रे रमेश, सासऱ्यासमोर तापीत घसरलास म्हणे?"

"ताप्तीत, काका. आणि घसरलो नाही, साल्यानं धक्का दिला."

कमलनं मान वर केली. "रमेशभाऊ, नदीचं नाव काय टाकलं?"

"ताप्ती. टी, ए, पी, टी, आय."

"मी तापी टाकलंय." ती स्वतःवरच चिडली होती. "दुसरा टी काढा. दोन्ही तारांवर, आमच्याकडच्या आणि बहादरपूरकडच्या."

त्यानं काढला. पडदा जरा वेळ कोराच राहिला, मग नेपानगर उमटलं.

आप्पांना तेवढ्यानं पटेना. उठले, आणि नेपानगरची थेट तार उपटली. तपासायला उघडलेलं तिथलं एक खातं पडद्यावर थिजलं. मग बहादरपूरच्या वाटेनं ते सरकू लागलं.

आप्पा तार हातात धरून उभे. "इंदूरवाल्यांना नको म्हणून सांगतो," ते हळूच म्हणाले.

"आधी ती तार खोवा, आप्पा," कमल म्हणाली.