बाईंनी कधी शाबासकी दिली नाही

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या नागपूरच्या गल्लीपासून इंग्लंडमधल्या स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, आणि त्याचाच पगार घ्यायचा. पण चूक दिसली की माझा आवाज चढतो. आधीच्या ब्रिटिश ऑफिसांत साहेबलोक गोड हसून म्हणायचे, 'काम ब्रिलियंट आहे, फक्त भावनांवर जरा काबू ठेव.' आणि टीम लीडची जागा दुसऱ्याच कुणाला तरी द्यायचे. मला टीम हवी होती, स्वतःची, मी उभी केलेली. चाळिशी आली तरी ती मिळत नव्हती आणि ते मला फार लागायचं. खोटं कशाला बोलू?

मग मी या चिनी कंपनीत आले. मोठमोठ्या गोदामांमधली यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. इथल्या ऑफिसच्या प्रमुख एक चिनी बाई होत्या, पन्नाशीच्या, बुटक्या, केस मागे घट्ट बांधलेल्या. बाकीचे त्यांना आडनावापुढे हुद्दा लावून हाक मारत. मी मनात नुसतं 'बाई' म्हणायचे, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

पहिल्याच दिवशी जेवणानंतर एकदम अंधार झाला. मला वाटलं, लाइट गेले. बघते तर काय, चिनी सहकारी टेबलाखालून घडीच्या खाटा काढून चक्क आडवे झालेले! बाईंनी खुर्चीतच डोळे मिटले होते. वामकुक्षी ही फक्त आपली मिरास आहे असा माझा इतकी वर्षं समज होता. मला ती जागा तिथल्या तिथे आवडली.

बाई रोज विचारायच्या, 'जेवलीस का?' संत्रं सोलून अर्धं माझ्या टेबलावर ठेवायच्या. मी खोकले तर गरम पाण्याचा पेला हजर. पण शाबासकी? नाव नको! रिपोर्ट नेऊन दिला की दार लावायच्या आणि एकेक ओळ सोलून काढायच्या. 'हे असं का? हे कुणाला विचारलंस? परत लिही.' बरं, चांगलं झालं तर? तर आणखी अवघड काम. आमच्या खोलीतला दुसरा सीनियर टेस्टर, एक हसरा इंग्रज, आरामात पाच वाजता घरी जायचा. त्याला बाई कधीच बोलायच्या नाहीत. मी घरी येऊन भांडी आपटायचे.

एकदा मात्र कहर झाला. एका बड्या गिऱ्हाइकाला सॉफ्टवेअर द्यायचं होतं आणि आमची तपासणी अर्धवट होती. सेल्सचा साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाला, 'देऊन टाकू, मग बघू.' माझं डोकंच फिरलं. 'मग बघू म्हणजे? यंत्राखाली माणूस आला तर तुम्ही बघणार का?' मी अक्षरशः ओरडले. सगळे माना खाली घालून बसले. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, 'चहा घेऊ या.' मीटिंग तिथेच संपली.

नंतर दार लावून त्या मला म्हणाल्या, 'तुझं बरोबर होतं. पण त्याला मान राखून खाली उतरायला तू एकही पायरी ठेवली नाहीस.'

'मग तुम्ही तिथं का नाही बोललात माझ्या बाजूनं?'

त्यांनी फोन उचलला आणि मला जायची खूण केली. संध्याकाळपर्यंत ते सॉफ्टवेअर द्यायचं थांबलं होतं, आणि थांबवण्याची मेल सेल्सच्या साहेबाच्याच नावानं आली होती, जणू त्यालाच सुचलं! श्रेय गेलं त्याच्या पदरात. मी अशी भडकले म्हणता! आज कळतं, तो माणूस त्यानंतर दर वेळी आधी मला विचारून मगच तारखा देऊ लागला. हे बाईंनी कसं घडवलं, याचं मला अजून कौतुक वाटतं. तेव्हा मात्र मी त्याच आठवड्यात दुसरीकडे अर्ज टाकला.

एडिनबरातल्या एका कंपनीनं मला बोलावलं, मुलाखत झाली, जागा देऊ केली. टीम लीड! नवरा म्हणाला, 'जा बाई, तिथल्या थंडीत तरी डोकं थंड राहील.' सोमवारी होकार कळवायचा होता. गुरुवारी चीनहून कंपनीचे डायरेक्टर येणार होते, त्यांच्यासाठी जेवण होतं. जेवण झालं की बाईंना सांगायचं, असं मी ठरवलं.

हॉटेलात मधोमध फिरती चकती असलेलं भलंमोठं गोल टेबल होतं. एव्हाना मला माहीत होतं, की या जेवणात कुणी कुठंही बसत नाही. दाराकडे तोंड असलेली आतली खुर्ची सगळ्यांत मोठ्या माणसाची. त्याच्या उजव्या हाताला इथला प्रमुख, म्हणजे दर वेळी बाई. दाराजवळ सगळ्यांत धाकटा, कारण ताटं तिथून येतात. मी मुकाट्यानं दाराजवळची खुर्ची ओढली. तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला आणि मला डायरेक्टरांच्या उजवीकडे नेलं.

'इथे बस.'

'नको, नको. ही तुमची जागा आहे.'

मी मनापासून नको म्हणत होते हो! चार दिवसांनी सोडून जाणारी मी, तो मान कुठल्या तोंडानं घेऊ? पण त्यांच्यातही मानाची जागा आधी नाकारायचीच असते. मी जितकी मागे सरकले तितके सगळे खूश झाले. कुणी पाठीवर हात ठेवून ढकलतंय, कुणी खुर्ची सरकवतंय, डायरेक्टर स्वतः उठून 'बसा, बसा' करताहेत. आपल्याकडे लग्नात आग्रह करून वाढतात तसला प्रकार. शेवटी मी बसले. बाई जाऊन दाराजवळ बसल्या.

माझ्या दुसऱ्या बाजूला, दुभाषी म्हणून, अकाउंट्समधली चिनी मुलगी बसवली होती. ती हळूच म्हणाली, 'अभिनंदन. आपल्या प्रमुख उन्हाळ्यात चीनला परत जाताहेत, वडील आजारी आहेत. त्यांनी आपल्या जागेसाठी हेड ऑफिसला तुमचं नाव दिलंय.'

मी हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. इतके महिने चाललेली ती खरडपट्टी म्हणजे तयारी होती तर. समोर बाई येणारं प्रत्येक ताट चकतीवर ठेवून पुढे फिरवत होत्या आणि भाज्यांचं असेल ते, मी शाकाहारी म्हणून, आठवणीनं माझ्यासमोर थांबवत होत्या. मला स्वतःची लाज वाटली नाही; त्यांचा अभिमान वाटला, आणि थोडा रागही आला. एक शब्द बोलायला काय झालं होतं?

जेवण संपल्यावर कार पार्कमध्ये मी सांगून टाकलं. 'मला एडिनबरात नोकरी मिळाली आहे.'

'माहीत आहे,' बाई म्हणाल्या. 'त्यांनी तुझ्याबद्दल विचारायला मला फोन केला होता.'

'मग इथल्या जागेबद्दल तुम्ही मला आधी बोलला का नाहीत?'

'बोलले असते तर माझ्यासाठी थांबली असतीस.'

'आणि त्यांना काय सांगितलंत माझ्याबद्दल?'

बाई चक्क लाजल्या. 'ते तुझ्यासमोर कसं सांगू?' एवढं म्हणून गाडीत बसल्या आणि गेल्या.

शनिवार-रविवार मी घरात येरझारा घातल्या. टीम दोन्हीकडे मिळत होती. पण एडिनबरावाले मला मुलाखतीतल्या गोड चेहऱ्यावरून ओळखत होते. इथे माझं ओरडणं ऐकून, सोसून, कुणीतरी आपली खुर्ची मला दिली होती. सोमवारी सकाळी फोन करून मी एडिनबराला नकार कळवला.

तिथला मॅनेजर भला स्कॉटिश माणूस होता. हळहळला. म्हणाला, 'खरं तर सांगू नये, पण तुमच्या बॉस तुमच्याबद्दल अर्धा तास बोलत होत्या. मी विचारलं, काही उणं आहे का? त्या म्हणाल्या, ती चिडते. पण ती चिडली की तिला गप्प करू नका. हातातलं काम थांबवा आणि काय चुकलंय ते शोधा. दर वेळी सापडेल.'

मी कसंबसं थँक यू म्हणून फोन ठेवला. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवेना, म्हणून नागपूरला आईला लावला. माझा आवाज ऐकताच ती म्हणाली, 'काय गं, आज कुणाशी भांडलीस?' आणि मला जे रडू फुटलं ते आवरेचना.