आवजो न म्हणणारा पट्टेवाला

बडोद्यात निरोप देताना ‘आवजो’ म्हणतात, म्हणजे पुन्हा या. सरकारी कचेरीत मात्र हा गोड शब्द ऐकला की मी समजायचो, आजचीही खेप फुकट. घराच्या कागदावर आईचं नाव चढवायला मी गोरव्याच्या कारखान्यातून तीनदा अर्ध्या दिवसाची रजा काढली. तिन्ही वेळा दारावरचा पट्टेवाला जागचा न उठता म्हणाला, “साहेब मीटिंगमां छे. आवजो!”

चौथ्यांदा मोबाईलवर आधीच वेळ आली होती, अकरा वीस. कचेरीत वेळा लावून देणारं नवं सॉफ्टवेअर बसलं होतं. आणि पट्टेवाला चक्क उभा! नजर एकदा भिंतीवरच्या पडद्यावर, एकदा मनगटावरच्या घड्याळावर. माझा नंबर झळकला तसं त्यानं घड्याळ माझ्या नाकासमोर नाचवलं.

“जुओ, अकरा वीस! एक मिनिट पण इकडंतिकडं नाय!” सॉफ्टवेअर त्यानंच घरी बसून बनवलं असावं, असा तोरा.

पंधरा मिनिटांत मी शिक्क्याचा कागद घेऊन बाहेर आलो. त्यानं तो उलटसुलट पाहिला, खूश झाला आणि सवयीनं म्हणाला, “आव...” मग एकदम जीभ चावली.

“ना ना, आता येऊ नका हं! परत आलात तर आमच्या मशीनची इज्जत जाते.”

जन्मभर बडोद्यात राहतोय, पण इतक्या मायेनं ‘येऊ नका’ मला कुणी म्हटलं नव्हतं.