अकराच पट्ट्या

पाराबाईचा दिवस सव्वापाचला सुरू होई. आधी घरातलं सगळं धुणं हातानं, मग डबा, मग पाऊण तासाची पायपीट. साडेसातला ती कार्यशाळेचं कुलूप उघडी. मालकांच्या आधी, झाडणाऱ्याच्याही आधी.

तिथे महागडे कॉम्प्युटर जुळवत. पाराबाई मदरबोर्ड तपासायची. म्हणजे ज्या पाटावर प्रोसेसर, मेमरी, सगळं बसतं, तो. प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणत. तसा पळवल्यावर बोर्ड किती तापतो, तासभर टिकतो की मध्येच मान टाकतो, ते ती कागदावर लिही. बोटाच्या पाठीनं चटका घेऊन आधी अंश सांगे, मग मीटर लावी. फरक फार तर दोन अंशांचा. त्यावरूनच 'पाराबाई' हे नाव पडलं. बावीस वर्षांत तिचा एकही कागद बदलावा लागला नव्हता.

एका ॲनिमेशनवाल्यांना चाळीस कॉम्प्युटर हवे होते. त्यासाठी तीन कंपन्यांचे तीन भारी बोर्ड नमुना म्हणून आले. तिसऱ्याची किंमत ऐकून पाराबाई मटकन स्टुलावर बसली.

"नुसता पाट? वर काहीच नाही?"

"काहीच नाही," मालक म्हणाले. "फक्त ऐट."

"माझ्या चार पगारांची ऐट!"

तिची एक पद्धत होती. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर उष्णता ओढून घेणारे धातूचे दोन हीटसिंक असतात आणि प्रत्येकाखाली एक मऊ पॅड. कंपनीचे पॅड काढून ती तिन्ही बोर्डांना एकाच पाकिटातले पॅड लावी. "अंथरूण सगळ्यांना सारखं, मग कोण नीट झोपतो ते बघू," म्हणे. प्रत्येक पॅडला दोन्ही बाजूंनी पारदर्शक फिल्मची पट्टी असते. सोललेली प्रत्येक पट्टी ती टेबलाच्या कडेला चिकटवी, मोजी, आणि ऑर्डर जाईपर्यंत तिथून हलवत नसे.

तिसऱ्या बोर्डाचा शेवटचा पॅड हातात असताना लेकीचा फोन आला. लेक घरी बसून इमारतींचे नकाशे काढायची.

"आई, कॉम्प्युटर परत गोठला. तीन दिवसांचं काम गेलं."

"रडू नकोस. संध्याकाळी बघते."

तिनं फोन ठेवला, हीटसिंक बसवला, स्क्रू आवळले. मोजायचं राहिलं.

पहिला बोर्ड चौऱ्याऐंशी अंशांवर तासभर टिकला. दुसरा एकोणऐंशीवर. तिसऱ्याला तिनं बोट लावलं आणि झटक्यात मागे घेतलं. एकशे बारा. एकोणिसाव्या मिनिटाला पडदा काळा. पाराबाईनं पुन्हा चालवला, पुन्हा तेच.

त्या कंपनीचा माणूस धावत आला. कागद वाचून त्याचा चेहरा उतरला.

"बाई, बोर्ड तपासलात की तव्यावर भाजलात?"

"मीटर बघा. मीटर माझं ऐकत नाही," ती म्हणाली.

मालकांनी त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. तो नमुना न घेताच खाली मान घालून गेला. दुसऱ्या बोर्डाची ऑर्डर शुक्रवारी अकराला जाणार, असं ठरलं.

शुक्रवारी तिनं टेबल पुसायला घेतलं. सवयीनं पट्ट्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. अकराच. स्टूल उचलून बघितलं, केराची टोपली उलटी केली. बारावी पट्टी नव्हती. घाईघाईनं तिनं तिसऱ्या बोर्डाचा हीटसिंक उघडला. पॅडच्या तळाशी फिल्म तशीच, आकसून चिकटलेली, उष्णता अडवून बसलेली. पॅडचं तेल सुटून शेजारच्या खाचेत उतरलेलं.

साडेदहा वाजले होते. खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. फिल्म तिच्या चिमटीत होती, आणि कचऱ्याची टोपली पायाशी.

ती तशीच मालकांच्या टेबलाशी गेली.

"कागद फाडा. चूक माझी आहे."

मालकांनी फिल्म उजेडात धरली. "पाराबाई, तुम्ही?"

"मीच. हवं तर कामावरून काढा. पण अकराची ऑर्डर थांबवा."

त्यांनी फोन उचलून ऑर्डर थांबवली. तिनं खाच स्वच्छ पुसली, नवा पॅड लावला, या वेळी पट्ट्या मोठ्यानं मोजल्या. बोर्ड तासभर पळाला. एकाहत्तर अंश. तिघांत सगळ्यात थंड. मालक मीटरकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत राहिले.

कंपनीचा माणूस परत आला तेव्हा तिनंच त्याला सांगितलं. तो आ वासून ऐकत होता.

"तुम्ही गप्प बसला असता, तर मला जन्मात कळलं नसतं."

"तुम्हाला नसतं कळलं. मला अकरा दिसल्या होत्या ना."

चाळीस बोर्डांची ऑर्डर त्याला मिळाली. पण तेल उतरलेला नमुना कंपनी परत घेईना.

"माझ्या पगारातून कापा," पाराबाई म्हणाली.

"निम्मे मी घालतो," मालक म्हणाले.

"पट्टी निम्मी विसरले नव्हते."

घरी लेक ऐकून थिजलीच. "आई, त्या पगारातून कपडे धुवायचं मशीन घ्यायचं होतं ना!"

"धुणं होतंय की हातानं."

आठ महिने निम्मा पगार कापला गेला. पाराबाई अजून सव्वापाचला उठून कपडे पिळते. आतल्या खोलीत लेकीचा नकाशा न गोठता पुढे सरकत असतो, त्या चार पगारांच्या बोर्डावर.