आबा आधी निघाले

टेम्पो दारात लागला तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून विडी ओढत होते. आजूबाजूच्या ओट्यांवर तुम्ही सगळे उभे होतात. विमानतळासाठी गाव उठणार हे ठरलं होतं, पण आधी कोण निघतो यावर घोडं अडलं होतं. मग आबा उठले, दोन सदऱ्यांची पिशवी काखेत मारली आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. पुढच्या आठवड्यात निम्मं गाव हललं. "आबा गेलं, मग आपुन कशाला अडून बसायचा?" असं तुम्हीच म्हणालात.

आज त्याबद्दलच सांगायचं आहे. ऐकून शिव्या घातल्यात तरी चालेल.

पनवेलच्या या बाजूला आपलं गाव आता सेक्टरांत वाटलं गेलंय. सोडतीत ज्याला जिथे प्लॉट लागला, तो तिथे. भिंतीला भिंत लावून राहणारी यमुनाकाकी पार दुसऱ्या टोकाला. तिला वाटीभर सुकट द्यायची तर रिक्षा करावी लागते. पूर्वी नळाला पाणी आलं नाही तर पंचायतीच्या मेंबरला ओट्यावरूनच हाक मारायचो. आता महापालिका आहे. अ‍ॅपवर तक्रार टाकली की टोकन नंबर लगेच येतो, पाणी येईल तेव्हा येतं. घर मात्र झक्क आहे. टाइल्स, बाल्कनी, पोरांची स्कूलव्हॅन दारात. मला हे हवंच होतं, खोटं कशाला बोलू? एकदा बोललो ते जन्माला पुरलं.

आबांनी ती पिशवी रिकामी केली नाही. बायको म्हणायची, सदरे कपाटात ठेवते. आबा म्हणायचे, "कशाला? चार दिसांचा तं काम हाय." मी उद्या-परवा गावाला जाऊ म्हणत दोन महिने काढले. एका सकाळी ते स्वतःच रिक्षात बसले आणि गावाचं नाव सांगितलं. रिक्षावाल्यानं त्यांना पत्र्याच्या कुंपणापाशी सोडलं. वॉचमनचा फोन आला तसा मी धावत गेलो. आत डंपर फिरत होते, आपल्या घरांचा मागमूस नव्हता.

आबा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाला, तू चार दिस बोललास ना रं?"

हो, मीच बोललो होतो. "मी नाय जाणार, मला हितूनच उचला," हे त्यांचं पालुपद. म्हणून मी सांगितलं, नव्या घराची पूजा आहे, चार दिवसांत परत येऊ. टेम्पोतल्या गाद्या-भांड्यांबद्दल त्यांनी विचारलं, तर म्हटलं पाहुणे यायचेत. पूजेला निघालेला म्हातारा तुम्ही पाहिलात आणि त्यानं गाव सोडलं असं समजलात. मी गप्प राहिलो, कारण तुम्हीही हललात की आधी गाव सोडल्याचा माझ्यावरचा बोल टळत होता.

वर्षभरात आबा गेले. त्यांना सेक्टरातूनच उचललं. तुम्ही पत्ता विचारत विचारत आलात. तिरडीपाशी कुणीतरी म्हणालं, "आबांनी वाट दावली, म्हणून आमी निघालो." मी मान हलवली.

कुणी गाव विचारलं की तुम्ही अजून ठसक्यात नाव सांगता. मी सेक्टरचा नंबर सांगतो. गावाचं नाव घ्यायला मला तोंड राहिलेलं नाही.