कळलावीचा कांदा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलसाठी तीस झाडांचं हर्बेरियम करायचं होतं. झाडं आणायची, वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवून खाली शास्त्रीय नाव लिहायचं. "मुळासकट नमुना असेल तर मार्क चांगले मिळतील," असं मॅडमनी बजावलं होतं.

मी कोन गावची, हायवेलगतची. आमच्याकडे रस्ता, गोदामं आणि ट्रक. म्हणून श्रावणात वर्गातली मैत्रीण मला अंबाडी गावापुढच्या तिच्या पाड्यावर घेऊन गेली. तिची आई मजुरीचा दिवस बुडवून आमच्याबरोबर बांधांवरून हिंडली. ती एकेक नाव सांगायची, मी वहीत उतरवायचे. एका बांधावर कळलावी फुललेली होती, लाल-पिवळी. बाळंतपणात बाई अडली की या वेलीचा कांदा उगाळून पोटावर लावतात, असं ती म्हणाली.

"फूल ने, पान ने. कांदा नको काढू. आपल्या बांधावर हा एकच हाय."

मी हो म्हटलं. दुपारी त्यांच्या घरी नाचणीची भाकरी खाल्ली. निघताना एक फांदी राहिली असं सांगून एकटीच बांधावर परत गेले आणि कांदा उकरून पिशवीत घातला.

कळलावीच्या त्या शीटला सगळ्यात जास्त मार्क मिळाले. मॅडम अजूनही नव्या मुलींना ती नमुना म्हणून दाखवतात.

पुढच्या पावसाळ्यात मैत्रीण सहज म्हणाली, "आमची कळलावी उगवलीच न्हाय. आई म्हणते, रानडुकरानं उकरली असेल."

वर्षभर तिच्याच शेजारी बसून मी स्लाइड पाहिल्या, तिच्याच जर्नलमधून आकृत्या उतरवल्या.

शेवटचा पेपर झाल्यावर तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. सबमिशनच्या दिवशीच शीटवर कांदा बघितला."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"मी न्हाय सांगणार. तू सांग."

पुढच्याच रविवारी मी गेले. तिची आई अंगणात शेणी थापत होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलून टाकलं. तिने हात थांबवले नाहीत.

"मागितला असतास," ती म्हणाली, "तर वरच्या डोंगरातून आणून दिला असता."

मग तिने मुलीला चहा ठेवायला सांगितलं.