वहिनीचा अंगठा आणि माझं टेंगूळ

माझ्या एलएल.बी.च्या पहिल्या सेमिस्टरच्या निकालापेक्षा माझ्या वहिनीच्या अंगठ्याला जास्त लोक भेटायला आले.

निकालाच्या दिवशी एकटी शेजारची काकू आली होती, तीही विरजण मागायला. (आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा लकडगंजच्या होलसेल बाजारात हमाली करतात, भाऊ टेम्पो चालवतो. निदान गल्लीत पेढे तरी वाटतील, असं मला वाटलं होतं.) अंगठ्याला मात्र दोन दिवसांत अख्खी गल्ली येऊन गेली!

घडलं ते असं. आई, वहिनी आणि मी जरीपटक्यातल्या आमच्या नेहमीच्या साडीच्या दुकानात गेलो होतो. दारातल्या पुतळ्याला मोरपंखी साडी नेसवली होती. वहिनीने तिचा पदर फक्त हातात धरून पाहिला. पुतळा धड बसवलेला नव्हता. तो डुलला आणि थेट वहिनीच्या पायाच्या अंगठ्यावर आला. येता येता त्याचा एक हात खांद्यातून निखळला आणि माझ्या कपाळावर बसला!

"अगं माय वं!" वहिनी ओरडली.

सगळं दुकान धावलं. कोणी खुर्ची आणली, कोणी बर्फ. सेठ स्वतः पाणी घेऊन आले. मी कपाळ धरून उभी.

"आई, मले बी लागलं."

"उभी आहे ना तू? मंग झालं तर! तिची पर्स पकड."

अशा रीतीने एका जखमीने दुसऱ्या जखमीची पर्स धरली.

डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे, नख निळं पडलंय, तीन दिवस आराम. झालं! वहिनी पलंगावर, तिच्या पायाखाली माझी उशी, आणि भेटायला येणाऱ्यांसाठी चहा करायला मी. प्रत्येक बाई अंगठ्याकडे असं पाहायची, जणू बाळ पाहायला आली आहे. "किती निळा झाला वं!" मी चहाचा ट्रे मुद्दाम कपाळाच्या उंचीवर धरून न्यायचे. एकीचीही नजर टेंगळावर गेली नाही!

दुसऱ्या संध्याकाळी घरात बैठक बसली.

"दावाच ठोकू त्या दुकानदारावर," भाऊ म्हणाला. "असे कसे पुतळे उभे करते तो?"

"दावा ठोकशील तं साड्या कुठून घेऊ?" आई म्हणाली. "तो सेठ फॉल-पिको फुकटात करून देते."

 बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "कायदा इनं वाचला आहे. पोट्टी सांगन तसं करू."

माझे कान गरम झाले. आजवर या घरात भाजी कोणती करायची, हेही मला कोणी विचारलं नव्हतं! खरं तर ग्राहकांचा कायदा आम्हाला अजून शिकवायचाच होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. मी म्हटलं, "आधी नोटीस पाठवू. नंतर ग्राहक मंच."

सिनिअर मुलीच्या नोट्स समोर ठेवून मी सकाळपर्यंत नोटीस तयार केली आणि घरच्यांना वाचून दाखवली. अर्जदार क्रमांक एक : मी. अर्जदार क्रमांक दोन : वहिनी.

"अंगठा हिचा, अन् एक नंबरवर तू काहून?" भावाने विचारलं.

"डोकं पायाच्या वर असते म्हणून!"

"पण तुले लागलं कुठी?"

हीच तर अडचण होती. टेंगूळ ओसरत चाललं होतं. पुरावा डोळ्यांदेखत नाहीसा होत होता! म्हणून मी त्यावर आंबेहळदीचा जाडसर लेप लावला. (सूज उतरावी म्हणून नाही, दिसावी म्हणून.) जरा जास्तच झाला, गालापर्यंत ओघळला. तेवढ्यात दार वाजलं. मी तशीच उघडायला गेले.

दारात सेठ आणि सेठाणी! हातात मिठाईचा डबा.

"अरे वा, हळद आहे का घरी?" सेठ खुशीत म्हणाले. "बधाई हो बेटी! बस्ता आमच्याकडूनच बांधायचा हं, सगळ्या साड्या स्वतः काढून दाखवीन!"

माझ्या लग्नाची खरेदीही ठरवून आरोपी घरात शिरला.

पुढचं सगळं मी हातात नोटीस धरून पाहिलं. बाबांनी सेठजींना आपली खुर्ची दिली. भाऊ, जो काल दावा ठोकत होता, तो समोसे आणायला पळाला. सेठाणी पहिल्यांदा आमच्या घरी आलेल्या, म्हणून आईने रीतसर हळदीकुंकू लावून त्यांची ओटी भरली. ब्लाउजपीस त्यांच्याच दुकानातला! ज्यांच्यावर दावा करायचा, त्यांची ओटी कोणत्या कलमाखाली भरतात?

मी बाबांच्या कानाशी लागले. "बाबा, नोटीस द्यायची ना?"

"देऊ ना. चहा तं पिऊ दे त्यायले."

सेठ वहिनीला म्हणाले, "बेटी, माफ कर. आमची चूक झाली. पुतळे भिंतीला बांधून घेतले आता."

आता आणखी अर्धा तास अंगठ्याचं कौतुक होणार, म्हणून मी स्वयंपाकघराकडे वळले. तेवढ्यात पलंगावरून वहिनी म्हणाली, "सेठजी, माझ्यापेक्षा ताईले जास्त लागलं. डोक्यावर बसला तो हात. दोन दिवसांपासून तशीच काम करून राहिली ती, अन् तिले कोणी विचारलंच नाही."

खोलीतले सगळे चेहरे एकदम माझ्याकडे वळले. सेठाणी उठल्या, माझी हनुवटी धरली. "बेटी, खूप दुखते का वं?" आईने पदराने गालावरची हळद पुसली आणि तिचे डोळे भरून आले.

हेच तर मला हवं होतं! अर्जदार क्रमांक एकने आता फक्त "हो" म्हणायचं होतं.

"नाही नाही!" मी घाईघाईने म्हटलं. "मले काही लागलं नाही. खरंच! लेप तं असाच लावला!"

हे मी आरोपी, आरोपीची पत्नी आणि घरची सर्व मंडळी यांच्यासमोर, हात जोडून सांगितलं. बाबांनी माझ्या हातातली नोटीस हळूच काढून घेतली आणि घडी करून खिशात घातली.

वहिनीला मात्र मी अजून माफ केलेलं नाही. दहावी शिकलेल्या बाईने माझी पहिली केस एका दमात बुडवली, आणि तीही माझ्याच बाजूने बोलून!